मदत हवी आहे: गणेश चवथीत बाबांची दाढ सुजली, गोव्यात सत्तरी तालुक्यात दातांचा डॉक्टर मिळेल का?

नमस्कार मंडळी. चवथीसाठी वाळपईजवळ गावच्या घरी आलोय. बाबांची खालची अक्कलदाढ आधीपासून किडलेली, काल रात्रीपासून ठणका लागलाय आणि आज उजवा गाल सुजलाय. वय ७१, रक्त पातळ करायची गोळी रोज चालू. नेहमीचे डॉक्टर मडगावचे, फोन उचलत नाहीत. सणाचे दिवस, त्यांना तरी काय म्हणणार!

सध्या कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, बाहेरून फडक्यात गुंडाळलेला बर्फ आणि पॅरासिटामॉल एवढंच चाललंय. रक्ताच्या गोळीमुळे आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन द्यायचं नाही हे ठाऊक आहे. काकी मात्र फेणीत बुडवलेला कापूस घेऊन दोनदा आल्या, शेजारच्यांनी गरम विटेचा शेक सुचवला. दोन्ही परतवलं. शेकाने सूज वाढते.

ताप नाही, तोंड उघडतंय, पेज गिळता येते. गिळायला किंवा श्वासाला त्रास झाला, सूज गळ्याकडे उतरली तर १०८ ला फोन करून थेट बांबोळीचं सरकारी इस्पितळ, हे ठरलेलंच आहे.

पण तसं काही झालं नाही तर? वाळपई, साखळी, डिचोली भागात उद्या कुणाचा दवाखाना उघडा असेल? बांबोळीच्या दंत महाविद्यालयाची ओपीडी चवथीच्या सुट्टीत चालते का? आणि रक्ताची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही म्हणतात, मग अशा रुग्णाची दाढ काढायच्या आधी डॉक्टर कुठले रिपोर्ट मागतात? फाईल घरी पणजीला आहे, भावाला आणायला सांगतो.