शिवसागरावर १५० टक्क्यांची जेनोआ नको

शिवसागरावर, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयावर, १९ फुटी होडीला १५० टक्क्यांची जेनोआ (डोलकाठीपुढचं मोठं शीड; १५० टक्के म्हणजे डोलकाठी ते पुढची तार या अंतराच्या दीडपट रुंद) घेऊन वारा वाढला की फर्लरवर (शीड गुंडाळायच्या यंत्रणेवर) निम्मी गुंडाळणार, असं तुम्ही लिहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो. निम्मं गुंडाळलेलं शीड पोट फुगलेलंच राहतं. होडी कलते जास्त आणि वारा येतो त्या दिशेला नीट चढत नाही. जोराच्या वाऱ्यात नेमकं सपाट शीड हवं असतं.

बामणोलीकडे सकाळी पाणी आरशासारखं असलं तरी दुपारी एखाद्या खोऱ्याच्या तोंडाशी आलात की वारा बाजूने अचानक झोडपतो. तिथे १३० ते १३५ टक्के पुरे. शिडाच्या पुढच्या कडेत फोमची पट्टी शिवून घ्या, म्हणजे गुंडाळताना मधलं पोट आधी ओढलं जातं. तरी साधारण ३० टक्क्यांच्या पुढे गुंडाळू नका. आणि गुंडाळल्यावर शीटचा (शीड ओढून धरायच्या दोराचा) ब्लॉक, म्हणजे कप्पी, रुळावर पुढे सरकवा, नाहीतर शिडाची मागची कड वरच्या बाजूला फडफडत राहते. हे बरेचजण विसरतात.

फर्लर बसवताना हॅलयार्डचा (शीड वर चढवायच्या दोराचा) कोन नक्की पाहा. तो दोर फोरस्टेला (होडीच्या नाकापासून डोलकाठीवर जाणाऱ्या तारेला) समांतर गेला तर त्या तारेभोवतीच त्याचा पीळ बसतो. तापोळ्याच्या अलीकडे आमचं असंच झालं. शीड ना उघडेना ना मिटेना, आणि वारा वाढत होता. दोर वरच्या स्विव्हलपासून (फिरत्या कडीपासून) थोडा मागे, डोलकाठीकडे ओढलेला हवा. फर्लर जड लागला तर विंच (दोर खेचायचं चक्र) लावून खेचू नका, आधी वर बघा.

उन्हासाठी मागच्या आणि खालच्या कडेला यूव्ही (अतिनील किरण अडवणारी) पट्टी हवीच.