डार्क फँटसी लिहितेय, पण नायिका हिरोच्या मिठीत बरी होतेय, काय करू?

खाडीकाठची (ऐरोली)

नमस्कार मंडळी, इथे नेहमी नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. एक कादंबरी लिहायला घेतलीय, मराठीतच, डार्क फँटसी म्हणा हवं तर. जागा काल्पनिक आहे पण खरं सांगायचं तर आपलीच खाडी आहे, तिवरं, चिखल, मिठागरं, भरतीला बुडणारी वाट, फक्त त्यात ऐरोलीचा पूल आणि आयटी पार्क नाहीत. तिथे एक किल्ला आणि किल्ल्यात एक सावकार, मांत्रिकच तो, लोकांचं कर्ज त्यांच्या आठवणींतून वसूल करतो. मंजुळा बापाच्या कर्जापायी तिथे सात वर्षं अडकलेली असते आणि ती पळून येते तिथून गोष्ट सुरू होते. पण तिला चकवा लागलाय. रात्री घराबाहेर पडली की कुठल्याही वाटेनं जाऊ दे, पहाटे किल्ल्याच्या दारातच उभी.

मग तिला होडीवाला सुभान भेटतो, जो आधी त्याच किल्ल्यावर पहारेकरी होता (हे तिला उशिरा कळतं), आणि त्यांचं जमतं. बाराव्या प्रकरणात तो तिला रात्रभर धरून बसतो आणि चकवा सुटतो.

दोन मैत्रिणींना वाचायला दिलं. एक रडली. दुसरी म्हणाली, म्हणजे लग्न लावून दिलं की पोरगी ताळ्यावर येते, हेच ना, ते तर माझी आत्या फुकट सांगते. तेव्हापासून एक ओळ पुढे सरकलेली नाही. रोमान्स काढूनच टाकू का? पण मला तो हवाय हो. आणि हळूहळू बरं होणं दाखवायचं तर वाचक कंटाळणार नाही का?

गोखले रोडचा वाचक (ठाणे)

चकव्याची आयडिया जबरदस्त आहे ताई, ती सोडू नका. आपल्याकडे भयकथेत भूत उतरलं की गोष्ट संपते, नारायण धारपांच्या भयकथांतल्या समर्थांनी त्या अघोरी शक्तीला हुसकावलं की आपण पुस्तक मिटून जेवायला मोकळे, ज्याला झपाटलं होतं तो माणूस पुढे कसा जगला हे कोण विचारतंय. तुम्ही तिथूनच सुरू करताय हेच मला आवडलं.

रोमान्स अजिबात काढू नका, फक्त क्रम बदला. रॉबिन मॅकिन्ली यांची 'डीअरस्किन' (१९९३) मिळाली तर वाचा. पेरॉ या फ्रेंच लेखकाची सतराव्या शतकातली एक परीकथा आहे, राजाला स्वतःच्याच मुलीशी लग्न करायचं असतं, ती गाढवाचं कातडं पांघरून पळते, शेवटी राजपुत्र मिळतो आणि सगळं गोड होतं, बापसुद्धा लग्नाला हजर! मॅकिन्लीने तीच कथा घेतली पण अत्याचार खरोखर घडतो आणि सुरुवातीचा तो भाग फार भयंकर आहे, आधीच सांगून ठेवतो. नंतर ती मुलगी आपल्या कुत्रीला घेऊन पळते, पुढे दुसऱ्या राज्यात राजपुत्राच्या कुत्र्यांकडे काम धरते आणि आई मेलेली पिल्लं हाताने दूध पाजून जगवते. रात्र रात्र जागून. माझ्या मते पुस्तकाचा जीव त्या पानांत आहे, कारण तिथे तिच्यावर कुणीतरी अवलंबून आहे, तिच्याकडे दयेने बघणारं कुणी नाही. राजपुत्र तिथेच असतो, चांगला असतो, आणि तो प्रेमाचं बोलतो तेव्हा ती चक्क पळून जाते! कंटाळा म्हणाल तर मला त्या पिल्लांचंच टेन्शन सगळ्यात जास्त आलं होतं, जगतात की नाही म्हणून.

तुमच्या मंजुळेला काय काम येतं? मिठागरात जाते का? जाळी विणते? ते कुठेच दिसत नाहीये.

सानपाड्याची (वाशीत समुपदेशन करते)

वरच्यांशी सहमत, माझ्या कामाच्या बाजूने थोडं सांगते. ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञांचं १९९२ चं पुस्तक आमच्याकडे सगळे वाचतात, त्यांनी सावरण्याचे तीन टप्पे मांडलेत, आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत जोडलं जाणं. प्रत्यक्षात ते असे ओळीने येत नाहीत, पुढे जाऊन मागे येणं चालूच असतं, पण तुम्ही मंजुळेला पहिला टप्पाच दिलेला नाही, एकदम मिठीत नेलंत. सुरक्षितता म्हणजे काय तर दाराची कडी कुणाच्या हातात आहे, ती झोपते कुठे, तिच्या मागे कोण उभं राहू शकतं. सात वर्षं जिला कशाचीच निवड नव्हती तिने "आज मासे नकोत" म्हणणं आणि समोरच्याने ते मुकाट ऐकणं, हा माझ्यासाठी चुंबनापेक्षा मोठा सीन आहे.

अजून एक, सगळे लेखक वाईट स्वप्नं दाखवतात. सुन्नपणा कुणी दाखवत नाही. लग्नघरात सगळे नाचतायत आणि हिला काहीच वाटत नाहीये, किंवा चार दिवस एकदम छान गेले आणि एका वासावरून कोसळली. आणि आपबीती कधी एका रात्रीत सलग सांगून होत नाही, तुकड्या तुकड्यात येते, मागचं पुढे, मधलं गायब. तुमचा सावकार तर आठवणीच काढून घेतो, म्हणजे तुम्हाला हे आयतंच मिळालंय की!

पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान अमेरिकेच्या अधिकृत यादीत आलं १९८० साली, तुमच्या गावाला असलं काही नाव माहीत असणार नाही, ते "बाहेरचं लागलंय" म्हणणार आणि भगताला बोलावणार. ते नक्की लिहा, आणि भगताला सरळ व्हिलन करू नका, कधीकधी चार माणसं जमून कुणासाठी काहीतरी करतात त्यानेही फरक पडतो. पुस्तकाच्या सुरुवातीला आत काय आहे त्याची सूचना द्या, हवं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर टाका, मराठीतून बोलता येतं.

मुंजोबा (कळवा)

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. सगळे त्या मिठीवर बोलतायत, पण सुभान पहारेकरी होता हे कुणाला खटकत नाही? हल्ली डार्क रोमान्सच्या नावाखाली तेच चाललंय, आधी कोंडणारा, नंतर जीव लावणारा, आणि वाचक म्हणणार आहा. सात वर्षं हा माणूस दाराबाहेर भाला घेऊन उभा होता. मी असतो तर त्याला मगरीला घातला असता. तुमच्या खाडीत मगर नसेल तर गिऱ्हा, पाण्यातलं भूत, आहेच.

खाडीकाठची

@मुंजोबा, तो सात वर्षं नव्हता, शेवटचे काही महिनेच, आणि त्या रात्री कडी त्यानेच उघडी ठेवली होती. पण ते तिला माहीत नाही.

मुंजोबा

मग तर अजून वाईट. म्हणजे शेवटी कळणार की हिची सुटकासुद्धा त्यानेच केली, मग हिने काय केलं?

सानपाड्याची

मुंजोबांचा हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. सुभानला ठेवा, पण कडी तिची तिलाच काढू दे. आणि तो पहारेकरी होता हे कळल्यावर तिला पुरेसा वेळ रागावू दे, दोनतीन प्रकरणं तरी, त्याने स्पष्टीकरण न देता ते सोसलं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवीन. माफी द्यायची की नाही ते तिचं तिने ठरवावं, प्रेम असूनही नाही दिली तरी चालेल.

गोखले रोडचा वाचक

आणि चकवा पूर्ण सुटू नये असं मला वाटतं. किल्ल्याच्या दारात पोचतेय, पण आता परतीची वाट तिची तिला सापडते, असं काहीतरी?

खाडीकाठची

बाप रे, हे शेवटचं तर मी घेतेच, आधीच सांगते. मुंजोबा, कडीचं तुमचं पटलं, सुभान काही मगरीला जाणार नाही. मंजुळेला मिठागरावर कामाला लावते, तिथे बायकांची टोळी असते, त्यांच्यातली एक म्हातारी आधीपासून डोक्यात आहे पण तिला काही कामच नव्हतं. बारावं प्रकरण काढून बाजूला ठेवलंय, मिठी आता विसाव्याच्या पुढे कुठेतरी, तीसुद्धा मंजुळेने मागितली तर. भगताचं प्रकरण आधी लिहिते. इथे कुणी आगरी बोली नीट बोलणारं आहे का, म्हातारीचे संवाद तपासून हवेत, माझं घरचं आगरी आजीबरोबरच गेलं.

मुंजोबा

मी आहे. पाठवा. फुकट नाही, सुभानला निदान एक तरी मार पडला पाहिजे.