रोजीवाल्याला महिनाभर भरती कोण ठेवणार? (नागपूर, व्यसनमुक्ती)

पारडीवाला
कळमना मार्केटात पोती उचलणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला घेऊन मागच्या महिन्यात तीन दिवस हिंडलो. वय चाळिशीच्या आत. सकाळी हात इतके थरथरतात की कप दोन्ही हातांनी धरला तरी चहा बशीत सांडतो. पहिला पव्वा पोटात गेला की हात स्थिर होतात, मग कामाला. त्याला स्वतःलाच सोडायची होती, कोणी ओढून आणलं नव्हतं. एका खासगी केंद्रात महिन्याचे बारा हजार सांगितले आणि तीस दिवस बाहेर पडायचं नाही. सरकारी ओपीडी सकाळची, आणि मार्केटात गाड्या पहाटेपासून लागतात. ओपीडीला गेला की त्या दिवसाची रोजी बुडाली. टोळीतून महिनाभर गायब झाला तर त्याची जागा दुसऱ्याला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "राहू द्या भाऊ, संत्र्याचा सीझन संपला की पाहू."

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेला देशभराचा सर्व्हे २०१९ मध्ये आला. दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच काहीतरी उपचार मिळाला होता. भरती होऊन उपचार घेतलेला १८० मागे एक. उरलेले सगळे हट्टी आहेत असं मी मानत नाही. दवाखान्याची वेळ आणि त्यांच्या पोटाची वेळ जुळत नाही. म्हणून माझं म्हणणं, नवीन तीस दिवसांची केंद्रं उघडण्यापेक्षा मनपाच्या वस्तीतल्या दवाखान्यांत संध्याकाळी सात ते नऊ व्यसनमुक्तीची ओपीडी बसवा. गोळ्या फुकट, एक समुपदेशक, कामावरून येताना जाता येईल असं ठिकाण.

इंदोऱ्याची लेक
भाऊ, तुम्ही त्या माणसाकडून लिहिलं. मी त्याच्या घरातून लिहिते. माझे बाबा पीत होते. आई बचत गटाचे पैसे पन्नीत बांधून तांदळाच्या कोठीत खाली दाबून ठेवायची, आणि रोज रात्री हात घालून चाचपायची. बाबा महिनाभर भरती होते तेव्हा तिने ते पैसे फळीवर ठेवले. बस, एवढंच झालं, पण मला ते अजून आठवतं. त्या महिन्यात माझी दहावीची परीक्षा झाली, नाहीतर झाली नसती. तुमची संध्याकाळची ओपीडी म्हणजे गोळी घेऊन माणूस त्याच गल्लीतून घरी येणार, जिच्या कोपऱ्यावर देशीचं दुकान आहे. घरच्यांना श्वास घ्यायला कुठे मिळणार? बेड कमी करा असं कोणी म्हणू नये.

सदर_६८
दोघंही मुळावर बोलत नाही. परवाना देणारं सरकार, त्यातून महसूल घेणारं सरकार, आणि आता गोळ्याही सरकारनेच द्यायच्या. राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये दारूबंदीकडे जायचं लिहिलं आहे. आधी वस्त्यांमधली दुकानं बंद करा. अर्धे रोगी आपोआप कमी होतील.

सेलूवाली
मी वर्धा जिल्ह्यातली. आमच्याकडे १९७५ पासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरला २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीचा फायदा खोटा नाही. चौकात बोर्ड लावून दुकान नसतं, बायकांना तक्रार करायला कायद्याचा आधार असतो, मी स्वतः ठाण्यात गेली आहे. पण माझा दीर बंदीच्याच जिल्ह्यात दारूने गेला. पिणं हाच गुन्हा, म्हणून घरच्यांनी शेवटपर्यंत लपवलं. डॉक्टरला दाखवलं तेव्हा पोटात पाणी भरलेलं होतं. दुकान बंद झालं तरी जो आधीच अडकला आहे त्याचे हात थरथरायचे थांबत नाहीत जी.

वॉर्डातली_सिस्टर
सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं लांब लिहिते.

पारडीवाले भाऊ, त्या हमालाला कोणी "मनाची ताकद लाव, उद्यापासून बंद" असं सांगू नका. ज्याचे हात सकाळी थरथरतात त्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. काहींना साधारण तिसऱ्या दिवशी भ्रम सुरू होतो. माणूस अंगावरचे नसलेले किडे वेचत बसतो, बायकोला ओळखत नाही. यात जीव जातो. वस्तीत मग कोणीतरी ग्लुकोजचं सलाईन लावून देतो. पिणाऱ्याच्या अंगात बी १ म्हणजे थायमिन आधीच कमी असतं, ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. ज्याला आधी झटके आले आहेत, ज्याचं लिव्हर गेलंय, ज्याच्या घरी लक्ष ठेवायला कोणी नाही, त्याला बेडच पाहिजे. पण तो आठवडा-दहा दिवसांचा, महिन्याचा नाही. बाकी पुष्कळांना डॉक्टरांच्या देखरेखीत घरीच लोराझेपामसारख्या गोळ्या देऊन, त्या रोज कमी करत सोडवता येते. पुढे तलफ कमी करायला नालट्रेक्सोन असते.

आणि एक हात जोडून सांगते. "न सांगता दारू सोडवा" म्हणून पुड्या विकतात, त्या वरणात कालवू नका. कित्येकदा त्यात डायसल्फिराम निघतं. ते अंगात असताना दारू प्यायली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, बीपी एकदम उतरतं. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या मर्जीने द्यायचं असतं. एका बाईने दवाखान्यात पदराखालून रिकामी पुडी काढून दाखवली होती, नवरा आत बेशुद्ध. तिची चूक काय म्हणायची, तिला दुसरं कोणी काही सांगितलंच नव्हतं.

संध्याकाळच्या ओपीडीला माझा पाठिंबा आहे. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत असा प्रयोग झाला, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापून आला. ३७७ पुरुष होते, घातक पिणारे पण अजून पूर्ण आहारी न गेलेले. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या माणसांनी त्यांच्याशी थोड्या बैठकींत बोलणं केलं. तीन महिन्यांनी अशा गटातले ३६ टक्के सावरले होते, नेहमीचेच उपचार मिळालेले २६ टक्के. चमत्कार नाही, पण बेड एकही लागला नाही.

धम्ममित्र
सिस्टर, आदर ठेवून विरोध करतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याचीही आहे. माझ्या आजोबांनी त्या दिवशी सोडली ती कायमची. गोळी नव्हती, समुपदेशक नव्हता. आजार आहे, आजार आहे म्हणत गेलो की माणसाच्या हातातून त्याची जबाबदारी काढून घेतो आपण. गरिबाला अजून एका गोळीची सवय नको, स्वाभिमान पाहिजे.

इंदोऱ्याची लेक
दादा, तुमच्या आजोबांना वंदन. माझे बाबाही पंचशील म्हणायचे, पाचव्या शीलाला आवाज खाली जायचा. सुटत नाही याची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी विहारात यायचं बंद केलं. विहार सुटला, दारू राहिली. स्वाभिमान होता म्हणूनच ते लपले. त्यांना तेव्हा कोणी म्हणायला पाहिजे होतं की शील मोडलं तरी ये, आणि येताना गोळी घेऊन ये.

भांडेवाडी
बायकांचं कोणीच लिहिलं नाही. आमच्याकडे कचरा वेचणाऱ्या काही बाया रात्री घेतात, कंबर दुखते म्हणून, झोप येत नाही म्हणून. दिवसभर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. यांना कोणत्या केंद्रात पाठवू? मी दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडे फक्त पुरुष. आणि ती महिनाभर गेली तर लेकरं कोणाकडे? संध्याकाळी सात वाजता ती चुलीपुढे असते, म्हणजे तुमची वेळही तिच्या कामाची नाही. तिच्यासाठी दुपारी, जिथे ती माल विकते तिथे या.

सात_वर्षं_झाली
मी प्यायचो. चार पोरं मला मिनी ट्रकमध्ये टाकून एका केंद्रात घेऊन गेली, तिथे पहिले दोन दिवस पाय खाटेला बांधला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात साखळीने बांधायला मनाई आहे, तेव्हा मला कोण सांगणार. त्या महिन्यात मी प्यायलो नाही, कारण दार बंद होतं. सुटलो त्या संध्याकाळी प्यायलो.

म्हणून ताईंना सांगतो, तो महिना तुमच्या घरासाठी खरा होता, मी नाकारत नाही, पण तो उपचार होताच असं नाही. आणि पारडीवाल्या भाऊंनाही सांगतो, नुसती गोळीची ओपीडी चालणार नाही. मला वाचवलं ते सुटल्यानंतरच्या संध्याकाळींनी. कामावरून सुटल्यापासून झोपेपर्यंतचे तीन तास कुठे बसायचं? सगळे दोस्त गुत्त्यावर. मी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जात होतो, तिथे कोणी उपदेश करत नव्हतं, आपापलं सांगत होते. दारू सुटली, खर्रा तिप्पट झाला, तो सोडायचं अजून चालूच आहे. सोडवणं म्हणजे एका दिवसाचं काम नाही, तसं एका महिन्याचंही नाही. वर्षभर कोणीतरी विचारायला पाहिजे, "आज आला नाहीस, काय झालं?"

सदर_६८
सगळं पटतं, पण दुकानाचा प्रश्न तुम्ही सोडून दिला. त्या तीन तासांत त्याच्या वाटेवर दोन देशीची दुकानं लागतात. माझं मत तेच राहील.

पारडीवाला
राहू द्या, दुकानाच्या अर्जावर माझीही सही घ्या. ताई, बेडबद्दल मी चुकीचं लिहिलं. सिस्टरचं वाचून कळलं की दहा दिवसांचा बेड आणि वर्षभराची संध्याकाळ, दोन्ही लागतात. भांडेवाडीच्या वेळेचा विचार मी केलाच नव्हता.

त्या हमालाचं सांगतो. सिस्टरने लिहिल्यावर घाबरून त्याला एकदम बंद करू दिलं नाही. ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी रात्री साडेआठला पाहायचं कबूल केलं. बायकोकडे रोजच्या गोळ्या मोजून दिल्या आहेत, ती कागदावर टिक करते. आज पाचवा दिवस, सकाळी कप एका हाताने धरला. पुढे मात्र त्याला संध्याकाळी बसायला जागा पाहिजे. पारडी-कळमना भागात कुठे खोली मिळेल का, आठवड्यातून एक दिवस? भाडं आम्ही काढू.

धम्ममित्र
माझं मत बदललेलं नाही, गोळीवर माझा विश्वास कमीच आहे. पण आमच्या विहाराची मागची खोली आहे, भाडं नको. मंगळवारी तिथे पोरांची शिकवणी असते, साडेसातला सुटते. त्यानंतर किल्ली माझ्याकडे असते. ताई, तुमच्या बाबांनाही सांगा.