सल्लागारांना मालमत्ता-संरक्षणाचा कायदा शिकवायचा की नाही?

धागाकर्ती (गुंतवणूक सल्लागार, सांगली): विमा प्रतिनिधींना आणि गुंतवणूक सल्लागारांना मालमत्ता-संरक्षणाचा कायदा, म्हणजे कुटुंबाची मालमत्ता कर्जवसुलीपासून कायद्याने कशी राखावी हे, शिकवणे म्हणजे कर्जबुडव्यांना वाटाडे पुरवणे होय, असे काल येथे एका वकीलसाहेबांनी लिहिले. ते वाचून गप्प बसवले नाही. माझ्या धाकट्या दिरांनी २०१२ साली मुदत विमा घेतला, तेव्हा कारखान्याच्या कर्जाचा विचारही झाला नव्हता. अर्जावर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याचा रकाना होता आणि प्रतिनिधीने त्यावर निळ्या शाईने आडवी रेघ मारली होती. ती रेघ मी नंतर स्वतः पाहिली. तेथे जावेचे व पुतण्यांचे नाव पडले असते, तर कलम ६ नुसार ती रक्कम त्यांच्यासाठी राखलेला न्यास (ट्रस्ट) ठरून दिरांच्या देण्यांपासून अलग राहिली असती. पॉलिसी घेतानाच हे करावे लागते. दीर गेल्यावर जाऊ दोन वर्षे धनकोंशी, म्हणजे कर्ज देणाऱ्यांशी, भांडत होती.

वकील, पुणे: ताई, आपले दुःख खरे आहे, परंतु माझा आक्षेप रकान्यावर नव्हताच. कर्जवसुलीची नोटीस हाती पडताच राहते घर पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करून देणारे पक्षकार माझ्याकडे सतत येतात, आणि मुद्रांकशुल्क अवघे २०० रुपये आहे, हे त्यांना एखाद्या सल्लागारानेच सांगितलेले असते. धनकोला बुडवण्याच्या हेतूने केलेले असे हस्तांतरण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३ खाली रद्द करून घेता येते, हे मात्र त्याने सांगितलेले नसते. आपल्या कलम ६ मध्येही बुडवण्याच्या हेतूने घेतलेल्या पॉलिसीवरचा धनकोचा हक्क शाबूत ठेवला आहे.

निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर: रकाना राहू द्या, लोकांना अजून नॉमिनीच कळलेला नाही. वडिलांच्या शेअर्सवर नॉमिनी म्हणून थोरल्या भावाचे नाव होते. त्याने ते आपलेच समजून विकले आणि आम्हा दोघी बहिणींना विचारलेही नाही. नॉमिनी हा केवळ रक्कम स्वीकारणारा असतो, मालकी वारसांची, हे सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत डिसेंबर १९८३ मध्ये आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले आहे.

वकील: विम्याबाबत आपण जुनेच सांगत आहात. २०१५ च्या दुरुस्तीनंतर विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये नॉमिनी म्हणून नेमलेल्या आई-वडील, पती-पत्नी व मुलांना लाभार्थी मानले आहे. अशा अर्धवट माहितीलाच माझा विरोध आहे.

निवृत्त बँक अधिकारी: अर्धवट म्हणू नका! तीस वर्षे मी काउंटरवर नामनिर्देशनाचे अर्ज भरून घेतले, आणि त्या तीस वर्षांत मला हे कोणीही बसवून शिकवले नाही. मग दोष माझा, की न शिकवणाऱ्यांचा?

वकील: न शिकवणाऱ्यांचा, हे मान्य करावे लागेल. शिकवायचेच असेल, तर कलम ५३ वगळून शिकवू नये, एवढा माझा आग्रह राहील.

धागाकर्ती: पुढच्या महिन्यात मिरजेला नव्या प्रतिनिधींचा वर्ग मी घेणार आहे. कोरे अर्ज मी आणते. कलम ५३ शिकवायला दोन तास आपण या.