नॉर्दर्न लाइट्स बघायला उत्तरेला जाताना: तुमचे अनुभव सांगा

येत्या जानेवारीच्या शेवटी मी, नवरा आणि आई असे तिघं नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या आकाशात रात्री दिसणारा रंगीत प्रकाश, बघायला निघायचं म्हणतोय. आई ६८ वर्षांची आहे. भूगोल शिकवताना तिने हा प्रकाश फळ्यावर हिरव्या खडूने कित्येक वर्षं काढला, आता तिला तो एकदा डोळ्यांनी बघायचाय. तिचे गुडघे दुखतात, जेवण शाकाहारी. नॉर्वेतलं ट्रोम्सो, स्वीडनमधलं अबिस्को की फिनलंड, हे अजून ठरत नाही. पत्रकं वाचली तर सगळीकडेच हमखास दिसेल असं वाटतं. म्हणून जे जाऊन आलेत त्यांनी, प्रकाश दिसला असो वा नसो, काय झालं ते मोकळेपणाने लिहा. किती रात्री ठेवल्या, काय घातलं, काय खाल्लं, कुठे चुकलं, सगळं.

* * *

ताई, आम्ही ट्रोम्सोला तीनच रात्री ठेवल्या आणि तिथेच चुकलो. पहिल्या दोन्ही रात्री बर्फ पडत होता. तिसऱ्या रात्री गाइडने ढगांचा नकाशा बघून गाडी फिनलंडच्या सीमेकडे काढली, जवळजवळ दोन तासांचा रस्ता. किनाऱ्यावर ढग असले तरी आत दरीत आकाश मोकळं मिळतं, असं तो म्हणाला, आणि खरंच चांदण्या दिसायला लागल्या. तरी रात्री एकपर्यंत काही नाही. मग उत्तरेला एक करडा पट्टा दिसला. मला तो ढगच वाटला. गाइड म्हणाला, फोन धरून बघा. फोनमध्ये तो हिरवा होता! मंद प्रकाशाचा रंग डोळ्यांना कळत नाही, हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नव्हतं. दहा मिनिटांनी तोच पट्टा डोक्यावर आला आणि पडदा झटकावा तसा हलला. तेव्हा मात्र हिरवा रंग नुसत्या डोळ्यांनी दिसला. सासूबाईंनी हात जोडले होते, ते मला नंतर फोटोत दिसलं.

तीन रात्रींवर जाऊ नका. निदान पाच-सहा ठेवा, आणि त्यासाठी ऑस्लो-स्टॉकहोमचं शहरदर्शन सोडावं लागलं तर सोडा.

* * *

मी आकाशदर्शनाचा जुना छंदिष्ट, म्हणून थोडं आकड्यांचं लिहितो. लोक केपी हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा ० ते ९ चा आकडा बघत बसतात आणि २ दिसला की खोलीतच थांबतात. ट्रोम्सो, अबिस्को ही ठिकाणं ध्रुवाभोवती गोल पसरलेल्या प्रकाशाच्या कड्याच्या जवळजवळ खालीच आहेत, तिथे केपी २ लाही छान दिसतो. मोठा आकडा लागतो तो कडं दक्षिणेकडे पसरायला. १० मे २०२४ च्या सौर वादळात आपल्या लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यानेही लाल झळाळी टिपली होती. ती लाली २०० किलोमीटरच्या वरच्या ऑक्सिजनची. नेहमीचा हिरवा रंगही ऑक्सिजनचाच, पण १०० ते १५० किलोमीटरवरचा.

पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरचे उपग्रह सौर वारा, म्हणजे हा प्रकाश पेटवणारा सूर्याकडून येणारा कणांचा झोत, आधी मोजतात. त्यातून खात्रीची सूचना मिळते ती फक्त अर्धा-पाऊण तास आधी. महिनाभर आधीच्या भाकितावर तिकिटं काढू नका. केपीपेक्षा ढगांचा नकाशा जास्त बघा. अंधार पडल्यापासून तयार राहा, नऊ ते एक हा काळ तर मुळीच सोडू नका.

* * *

आम्ही वडिलांना घेऊन अबिस्कोला गेलो होतो, तेव्हा तुमच्या आईंसाठी हेच सुचवेन. स्टॉकहोमहून रात्रीची रेल्वे थेट तिथे जाते. पश्चिमेच्या डोंगरांनी ढग अडतात, त्यामुळे टोर्नेट्रेस्क तलावावरचं आकाश आजूबाजूच्या मानाने जास्त वेळा उघडं असतं. नुओल्या डोंगरावर खुर्च्यांचा रोपवे जातो, पण तो उघडा आहे आणि वर जाईपर्यंत वारा झोंबतो. वडिलांना आम्ही नेलं नाही. ते मुक्कामाच्या दारात खुर्ची टाकून बसले आणि त्यांना आमच्याइतकंच दिसलं. खोली घेताना दाराबाहेर अंधार आहे का आणि उत्तरेकडचं आकाश दिसतं का, हे विचारून घ्या.

गुडघ्यांना थंडीपेक्षा घसरण्याची भीती जास्त. बुटांना खालून लावायचे रबरी पट्ट्यांचे खिळे मिळतात, ते पहिल्याच दिवशी घ्या. बूट एक नंबर मोठा घ्या, म्हणजे दोन मोजे घालूनही बोटं हलतात. घट्ट बुटात पाय आधी गार पडतो. आतला थर लोकरीचा हवा. सुती बनियन घामाने भिजतं आणि मग काहीही घातलं तरी कुडकुडायला होतं.

* * *

आम्ही कॅनडात कॅल्गरीला राहतो, तिथूनच उत्तरेच्या यलोनाइफला गेलो होतो. उणे ३४. पापण्यांवर दंव धरत होतं. पण हवा कोरडी आणि आकाश स्वच्छ, चारपैकी तीन रात्री दिसलं. कॅमेऱ्याची बॅटरी वीस मिनिटांत बसली, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. ट्रायपॉड हवाच. फोकस हाताने एखाद्या ताऱ्यावर लावा आणि ५ ते १० सेकंदांचं एक्स्पोजर द्या. आत येताना कॅमेरा बाहेरच पिशवीत बंद करा, नाहीतर भिंगावर पाणी धरतं.

* * *

व्हिसाचं एकच सांगते. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, ज्या देशात जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. आमच्या एजंटाने रात्री न मोजता नॉर्वेकडे अर्ज लावला, मुक्काम जास्त फिनलंडमध्ये होता. पुन्हा सगळं करावं लागलं आणि एक सहल त्या वर्षी राहूनच गेली. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो.

* * *

मी ट्रोम्सोच्या विद्यापीठात दोन हिवाळे काढले. शाकाहाराची काळजी नको, स्वयंपाकघर असलेली जागा घ्या. दूध-तुपाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, तेव्हा मेतकूट, भाजणी, तेलातला चिवडा न्या. रात्री दोन वाजता परत आल्यावर गरम मऊ भात आणि मेतकूट, याच्यासारखं काही नाही.

नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. दुपारी फक्त निळा उजेड. संक्रांतीला आईने पाठवलेला तीळगूळ मी ओव्हरकोटच्या खिशात घेऊन निघाले होते. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठी पोचेपर्यंत वड्या दगड झाल्या. सोबतच्या सामी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी समाजातल्या, मैत्रिणीला एक दिली, तिने ती गालात धरून ठेवली. तेवढ्यात डोंगरामागून प्रकाश वर आला. मला शीळ घालावीशी वाटली तर तिने माझा हात धरला. त्यांच्यात या प्रकाशापुढे शीळ घालत नाहीत, तो खाली येऊन उचलून नेतो म्हणतात. आम्ही दोघी गप्प उभ्या राहिलो.

तुम्ही जानेवारीच्या शेवटी जाताय ते फार चांगलं. २१ तारखेला ट्रोम्सोत सूर्याचं स्वागत असतं, मुलं सोलबोल्ले नावाचे गोड पाव खातात. त्यानंतर गेलात तर आईंना दुपारी थोडं ऊनही मिळेल. आणि प्रकाश जोरात नाचला तर त्याची खालची कड गुलाबी होते, ती नायट्रोजनची. फळ्यावर त्या ती काढायच्या का, नक्की विचारून सांगा.