टोकियोचा पसारा मोठा की न्यूयॉर्कचा? सलग म्हणजे नक्की किती सलग?

नकाशावेडा
काल रात्री सॅटेलाइट नकाशावर झूम करत बसलो होतो, टोकियोचा करडा डाग संपता संपत नाही राव, योकोहामा कुठे सुरू होतं तेच कळत नाही. मग न्यूयॉर्क बघितलं तर ते पण तेवढंच वाटलं, फक्त मधेमधे हिरवं जास्त. याद्या शोधल्या तर दर ठिकाणी वेगळा आकडा. लोकसंख्या नकोय, सलग बांधकाम किती पसरलंय त्यात पहिला नंबर कुणाचा?

चौरस_किमी
याद्या चुकीच्या नाहीत रे, 'सलग' कशाला म्हणायचं ते प्रत्येकाचं वेगळं. अमेरिकन जनगणनेत २०१० ला मधे ४ किमी मोकळी जागा आली तरी पलीकडची वस्ती जोडून घेता यायची, २०२० ला ते अडीच किमीच्या आत आणलं आणि माणसांऐवजी घरांची घनता धरली. झालं काय, न्यूयॉर्कचं क्षेत्र ८,९०० चौ. किमीवरून ८,४०० वर आलं आणि लोक मात्र १.८४ कोटींचे १.९४ कोटी झाले! जपानी जनगणनेत चौ. किमीला ४,००० माणसं नसतील तर दाट वस्तीत धरतच नाहीत. ती पट्टी न्यूयॉर्कला लागून असलेल्या न्यू जर्सीला लावून बघ, बरीचशी उपनगरं गळतील. ढोबळमानाने जमीन दोघांची ८ हजारांच्या आसपास, पण टोकियोत तेवढ्यात ३.७ कोटी लोक मावतात.

सहज_सुचलं
आणि करड्या डागावर जाऊ नकोस. अटलांटा वरून जंगल दिसतं, झाडांखाली सगळी घरंच. ५१ लाख लोक आणि ६,६०० चौ. किमी, खरा पसारा हा. लोक उगाच लॉस एंजेलिसला नावं ठेवतात, ते ४,२०० चौ. किमीत १.२२ कोटी म्हणजे सरासरी न्यूयॉर्कपेक्षा दाट आहे, कारण मॅनहॅटन कितीही दाट असलं तरी कडेच्या एकेक एकरच्या बंगल्यांनी सरासरी पार खाली येते.

उंटावरचा
एलएचा आकडा जरा फसवा आहे हां. पूर्वेला चिकटलेलं रिव्हरसाइड-सॅन बर्नार्डिनो वेगळं मोजतात, गाडीने गेलं तर हद्द कळत पण नाही. दक्षिणेला मात्र खरी फट आहे, कॅम्प पेंडलटन हा मरीन सैनिकांचा तळ. तो नसता तर सॅन डिएगो कधीच चिकटलं असतं. लंडनला हेच काम ग्रीन बेल्ट, म्हणजे शहराभोवतीचा बांधकामाला आळा घालणारा हिरवा पट्टा करतो, पण त्यामुळे पसारा थांबला असं नाही, लोक पट्टा ओलांडून पलीकडच्या गावांतून रोज ट्रेनने येतात. मग ते सलग नाही म्हणायचं?

नकाशावेडा
अरे बापरे. मग सगळ्यांना एकच पट्टी लावणारं काही आहे का?

चौरस_किमी
आहे की, यूएनने २०२० मध्ये मान्य केलेली पद्धत. एक किमीचे चौकोन, प्रत्येकात किमान १,५०० माणसं, असे चौकोन एकमेकांना चिकटून ५०,००० लोक भरले की शहर. पण त्यात अटलांटाची विरळ कड उडते, म्हणजे तुला जे मोजायचंय नेमकं तेच. आणि चीनचा पर्ल नदीचा त्रिभुज प्रदेश विसरू नकोस, वर्ल्ड बँकेने २०१५ लाच तो टोकियोच्या पुढे गेला म्हटलं होतं, क्षेत्रात पण आणि लोकसंख्येत पण.

नकाशावेडा
म्हणजे मी दोघांची नावं घेऊन भांडत बसलो आणि तिसराच पुढे. बांधकामाचा आणि माणसांचा, दोन्ही डेटा उतरवून घेतो, फट एकदा २०० मीटर धरून आणि एकदा २ किमी धरून बघतो, लॅपटॉप टिकला तर इथेच टाकतो.