अपडेटनंतर वायफाय कनेक्ट होतं पण नेट चालत नाही, मदत हवी आहे

मंडळी, फोनला नवीन अपडेट टाकल्यापासून घरच्या वायफायने नुसता वैताग आणलाय. कनेक्ट होतं, पण वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह आणि खाली 'कनेक्टेड, नो इंटरनेट', मग थोड्या वेळाने आपोआप चालू होतं आणि परत तेच. बायकोचा फोन, टीव्ही, लॅपटॉप त्याच राउटरवर मस्त चाललंय म्हणजे लाइनचा प्रॉब्लेम नाही, तरी केबलवाला म्हणतो राउटर बदला, त्याचं काय जातंय. नेटवर्क फरगेट करून पासवर्ड परत टाकला, राउटर बंद-चालू केला, नेटवर्क सेटिंग्ज रिसेट पण मारलं, त्यात गाडीचं ब्लूटूथ पेअरिंग उडालं ते वेगळंच. प्रायव्हेट डीएनएस (वेबसाइटचे पत्ते शोधण्याची फोनमधली सेटिंग) ऑफच आहे.

गंमत म्हणजे राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर (वायफायच्या लहरींचा पट्टा) ठीक चालतं, फोन ५ च्या बँडवर गेला की रडतो. दोन्ही बँडचं वायफाय नाव एकच आहे, ते वेगळं करू का? राउटर डब्ल्यूपीए२ आणि ३ (वायफाय सुरक्षेचे जुना-नवा प्रकार) यांच्या मिक्स मोडवर आहे, नुसतं २ ठेवलं तर फरक पडेल? आणि रँडम मॅकऐवजी (फोन वायफायला दाखवतो तो बनावट ओळख क्रमांक) डिव्हाइस मॅक (फोनचा खरा क्रमांक) लावून कोणाचं सुटलंय का?

फॅक्टरी रिसेट सोडून काहीही सांगा, बँकांची ॲप परत सेट करायची ताकद नाही.